आईच्या बोटांसाठी कीबोर्ड: मुलुंड ते गोराई, दोन दिवस

मुलुंडहून गोराईला लोक पॅगोडा बघायला जातात, नाहीतर किनाऱ्यावर लोळायला. आम्ही गेलो कीबोर्ड बघायला. आम्ही म्हणजे मी आणि माझी आई, वय अडुसष्ट.

आई सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट होती. लग्न होऊन वाशिमकडून मुंबईत आली आणि टायपिंगची परीक्षा दिली. खुर्चीवर बसून नोकरी करणारी आमच्या घरातली ती पहिली बाई. मग कचेरीत कॉम्प्युटर आले, तिचं मशीन गोडाऊनमध्ये गेलं आणि तिला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. निवृत्त होईपर्यंत ती पाकिटांवर शिक्के मारत राहिली. याबद्दल ती कधी कुरकुरली नाही. फक्त टीव्ही बघताना तिची बोटं मांडीवर हलायची.

दोन वर्षांपूर्वी तिच्या नजरेचा मधला भाग पुसट व्हायला लागला. डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसत राहील, मधलं परत येणार नाही. आईने ऐकून घेतलं. आठवडाभराने भाजी निवडताना म्हणाली, "टायपिंगला कुठे डोळे लागतात? मला पुन्हा टाइप करायचंय."

मी लॅपटॉपवर बाईच्या आवाजात स्क्रीन वाचून दाखवणारा मराठी प्रोग्रॅम टाकला. तो शिकवायला आलेले सर स्वतः अंध. त्यांनी बजावलं, उजवीकडे आकड्यांची पट्टी असलेला कीबोर्डच घ्या. आधीची ओळ, चालू ओळ, पुढची ओळ, हे सगळं त्या आकड्यांवरूनच ऐकता येतं. इकडे आमचं खिडकीतलं फोल्डिंगचं टेबल जेमतेम दोन फुटांचं. म्हणजे हवा होता कॉम्पॅक्ट फुल-साइज: सगळ्या कीज असलेला, पण त्या दाटीवाटीने बसवलेल्या. आधी मी स्टेशनजवळून एक साधा कीबोर्ड आणला होता. आईने दोन ओळी मारल्या आणि बाजूला सारला. "चहात बुडवलेल्या पावासारखा लागतो गं. बोटाला तळच सापडत नाही."

मग मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक कीखाली वेगळी स्प्रिंग असलेला, शोधणं आलं. ऑनलाइन फोटो भरपूर, पण फोटोतून कीबोर्ड हाताला लागत नाही. म्हणून शनिवार-रविवार बाहेर पडलो.

शनिवार: घाटकोपर, मग पवई

मुलुंडहून रिक्षाने एलबीएस रोड धरला. रस्ता खोदलेला आहे, त्यामुळे सकाळी नऊच्या आत निघा, नाहीतर भांडुपलाच वाट लागते. घाटकोपरला पहिल्या मजल्यावर एका दुकानात गेमिंगचं सामान मिळतं. विक्रेत्याने काचेच्या कपाटातून एक कॉम्पॅक्ट काढला आणि आधी दिवे लावून दाखवले. निळे, जांभळे, लाटेसारखे धावणारे.

"आंटी, देखो, अठरा तरह की लाइट!"

"लाइट तुम्हीच ठेवा," आई म्हणाली. "आवाज ऐकू द्या."

मग तिने जे केलं ते तुम्हीही करा, म्हणून नीट सांगते. आधी दोन्ही हातांनी दोन टोकं धरून टॉवेल पिळावा तसा हलका पीळ दिला. प्लास्टिक कुरकुरलं. मग मधोमध अंगठा दाबला, तर पाठ खाली गेली. मग कानाशी धरून हलवला. शेवटी स्पेसबारच्या डाव्या टोकावर एक टिचकी, उजव्या टोकावर एक. डावीकडून आवाज 'टक', उजवीकडून 'खडखड'.

"आत तार ढिली आहे याची," ती म्हणाली. "वर्षभरात दात पडतील."

विक्रेता हसला, पण नंतर स्वतःच दोन्ही टोकांवर टिचक्या मारून बघत बसला.

खाऊगल्लीत डोसा खाल्ला. भरपूर बटर, दोघींचं पोट दोनशे रुपयांत भरलं. तिथून बसने पवई.

पवईला तन्वी राहते. कीबोर्डवेड्यांच्या एका ग्रुपवर ओळख झालेली, तिथल्याच कंपनीत नोकरी, आणि घरात पाच कीबोर्ड. मी विचारलं तेव्हा तिने लगेच लिहिलं होतं, "काकूंना घेऊन ये ना, विकत घ्यायच्या आधी हात लावून बघू दे." तिने आईला खिडकीशी बसवलं. बाहेर तलाव होता. आईला तो कडेने दिसत असावा, कारण ती त्याच्याकडे पाठ करून बसली नाही.

तन्वीचा आवडता कीबोर्ड अख्ख्या ॲल्युमिनियमचा, जवळजवळ दोन किलोचा. आईने पीळ द्यायला घेतला आणि हसली. "हा तर पाटाच आहे." आत रबराच्या पट्ट्यांवर सगळं तोललेलं, त्यामुळे बोट आपटत नाही, टेकतं. तन्वीने तो आम्ही सोबत नेलेल्या लॅपटॉपला जोडला आणि जुन्या टाइपरायटरचा लेआउट, म्हणजे अक्षरांची मांडणी, लावून दिली. आईने दोन्ही तर्जन्यांनी खुणेचे उंचवटे शोधले, श्वास घेतला आणि सुरू झाली.

"उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की," लॅपटॉपमधली बाई वाचत गेली.

एवढी वर्षं ते वाक्य तिच्या बोटांत तसंच पडून होतं. तन्वी माझ्याकडे बघायला लागली, मी तलावाकडे.

पण तिसऱ्या ओळीला घोळ झाला. एंटर मारायला गेलेली करंगळी दर वेळी आकड्यांवर पडायला लागली. त्या कीबोर्डमध्ये कीज एकमेकींना खेटून आहेत, मध्ये एका रेघेचंही अंतर नाही. डोळस माणसाला ते सुंदर दिसतं. आईच्या बोटाला मात्र कुठे काय संपलं ते कळेना. तिने चार वेळा प्रयत्न केला. पाचव्यांदा हात उचलून मांडीवर ठेवले.

"वस्तू एक नंबर आहे," ती तन्वीला म्हणाली. "मीच कमी पडते."

"काकू, असं नाही हो. याला गॅप नाही, त्याला तुम्ही काय करणार?" तन्वी म्हणाली. मग कीबोर्ड बाजूला सरकवत, "गोराईला एक बाई आहेत. त्यांच्याकडे जुना आहे, गॅपवाला. विकणार म्हणतात, पण महिना झाला, कुणालाच देत नाहीत."

 घरी येताना मुलुंड चेकनाका आल्यावर रिक्षात आई म्हणाली, "उद्या जाऊ. नाही म्हणाल्या तर नाही."

रविवार: गोराई

गोरेगाव-मुलुंड लिंक रोडवरून बसने पलीकडे, मग बोरिवली, तिथून रिक्षाने गोराई जेट्टी. बोटीचं तिकीट किरकोळ, खाडी ओलांडायला दहा मिनिटं. ओहोटी असेल तर चढता-उतरताना वयस्कर माणसाचा हात धरा, पायऱ्या बुळबुळीत असतात. बोटीवर मोटारसायकली, मासळीच्या रिकाम्या टोपल्या आणि आम्ही.

पॅगोडा दिसायला लागला तसं मी आईला सांगितलं. तिने तोंड खाडीकडे वळवलं आणि डोळ्याच्या कडेने बघितलं. "दिसला," म्हणाली. "पिवळा." आणि हात जोडले.

रेजिनाताईंचं घर गावात, चर्चच्या मागच्या गल्लीत. दारात जाळं वाळत घातलेलं, ते त्यांच्या दिराचं. त्या स्वतः सहा वर्षं घरी बसून परदेशातल्या डॉक्टरांचे रिपोर्ट ऐकून टाइप करायच्या. मग मनगटं गेली. आता दोन्ही हातांना पट्टे.

कीबोर्ड टेबलावर कापडाखाली होता. राखाडी, जाड प्लास्टिकचा, आत पोलादी पत्रा. दिवे नाहीत. आईने पीळ दिला. गप्प. अंगठा दाबला. गप्प. स्पेसबारच्या दोन्ही टोकांना एकच आवाज. मी एका कीचं टोपण उपसून बघितलं: भिंती जाड, वरचा खरखरीतपणा सहा वर्षांनंतरही तसाच. नवीन वस्तूची बांधणी दुकानात तपासता येते, पण टिकते की नाही ते असा वापरलेला कीबोर्डच सांगतो. आकड्यांच्या पट्टीआधी बोटभर नाही, पण नखभर तरी फट होती. आईचं बोट त्या फटीवरून दोनदा फिरलं.

"चार जण येऊन गेले," रेजिनाताई म्हणाल्या. "गेम खेळायला पाहिजे होता त्यांना. मी सांगितलं, विकला."

"मग आज काय सांगणार?" आईने विचारलं.

"तुम्ही वाजवून तर दाखवा."

त्या आत बोंबील तळायला गेल्या. आई बसली. सुरुवातीला अडखळली, मग लय लागली. करंगळी फटीशी पोचून थांबायची आणि बरोबर एंटरवर पडायची. आतून तेलाचा आवाज येत होता, तो बंद झाला. रेजिनाताई झारा हातात घेऊन दारात उभ्या.

"सहा वर्षं हा आवाज मी केला," त्या म्हणाल्या. "बाहेरून कसा वाटतो ते आज कळलं."

आई थांबली. "तुम्हाला ठेवायचाय का? खरं सांगा."

"ठेवून काय करू? रोज कापड काढते, पुसते, परत घालते." त्यांनी पट्टा बांधलेला हात कीबोर्डच्या कडेवर ठेवला. "हात सारखे मागतात, ताई. तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे," आई म्हणाली. "मला गोडाऊनमधल्या मशीनची स्वप्नं पडायची."

 मी बोंबील खाल्ले. झकास होते, पण त्या दोघींच्या ताटांतले निवले.

निघताना रेजिनाताईंनी कीबोर्ड त्याच कापडात बांधून दिला. नव्याच्या निम्म्या किमतीत. जेट्टीपर्यंत सोडायला आल्या. बोट सुटली तेव्हा आईने विचारलं, "उभ्या आहेत का अजून?" होत्या. मी सांगितलं. आईने अंदाजाने हात हलवला, जरा चुकीच्या दिशेला. रेजिनाताई सरकून त्या दिशेला गेल्या.

घरी

याला तीन आठवडे झाले. तुम्हाला घ्यायचा असेल तर माझं मत सरळ आहे: वजन आणि धातूला भुलू नका, पीळ द्या, टिचक्या मारा, आणि ज्याचे हात त्यावर चालणार आहेत त्याला सोबत न्या. तन्वीचा कीबोर्ड आजही मला सगळ्यात देखणा वाटतो. आईला तो जमला असता तर, असं अधूनमधून मनात येतं.

पहिले काही दिवस लॅपटॉपमधली बाई मोठ्याने वाचायची आणि मी स्वयंपाकघरातून ऐकायचे: कचेरीची पत्रं, परीक्षेतले उतारे, गावाकडच्या नद्यांची नावं. मग एका दुपारी आईने माझे इअरफोन मागितले. "कशाला?" मी विचारलं. "मला माझं ऐकायचंय," ती म्हणाली.

नजर गेल्यापासून तिचं सगळं मीच वाचते. बँकेचे मेसेज, मावशीचे व्हॉट्सॲप, औषधाच्या चिठ्ठ्या. तिचं असं काही उरलंच नव्हतं, आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आता ती रोज दुपारी खिडकीत बसते. टाइप करते, थांबते, आकड्यांवरून मागची ओळ ऐकते. कधी हसते. काल रडत होती, हात न थांबवता. स्क्रीन माझ्याकडेच तोंड करून असते, अक्षरं मीच मोठी करून ठेवलेली, चार पावलं पुढे गेले असते तर सगळं वाचता आलं असतं. मला फार वाचायचं होतं. मी भिंतीकडे तोंड करून कांदा चिरत राहिले आणि तिची ओळ संपायची वाट बघत राहिले.