शोकेसातली जपानी फुलदाणी

मैत्रिणींनो, आज डोकं तापलं आहे माझं.

नागपूरहून मी चिनी मातीची काळी फुलदाणी आणलती, जपानी पद्धतीची. तिच्यात एकच फांदी ठेवायची, बाकी सारं मोकळं. सकाळी मी वावरातली, कापसाची बोंडं फुटलेली पऱ्हाटीची फांदी खोचली. इतकी सुंदर दिसे!

दुपारी पाहिलं तर फांदी चुलीत, फुलदाणीत प्लॅस्टिकचे गुलाब, अन् फुलदाणी शोकेसात कुलूपबंद.

"काहून जी आई?" सासूबाईले विचारलं.

"महागाची वस्तू हाय बाई, बाहेर फुटंल."

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. सासूबाई काचेतून कौतुकानं दाखवून राह्यल्या, "हे आमच्या सुनेनं आणलं. अन् हा तिचा कॉलेजातला कबड्डीचा कप. मोठी चपळ होती!"

मी चहाचा ट्रे धरून तिथंच उभी. चाबी त्यांच्या कमरेले.

तुमच्या घरच्या शोकेसात तुमचं काय काय बंद आहे?