वाल्देमीर सरांची प्रत

वाल्देमीर सरांना मी तसा फारसा ओळखत नव्हतो. ब्राझीलमधल्या रेसिफे शहराच्या विद्यापीठात माझं झेरॉक्सचं दुकान होतं. शिक्षक आपली पुस्तकं माझ्याकडे ठेवत आणि मुलं प्रती काढून नेत. सरांनी लिहिलेलं पर्ल या संगणकभाषेचं पुस्तक मात्र पडून राही.

प्रोग्रामिंग शिकणारी मुलं कॉफी पिताना चिडवत, "सर, पर्ल म्हातारं झालं! सगळे पायथॉनकडे गेले."

"तुमचे परीक्षेचे निकाल अजून तेच म्हातारं लावतंय," सर हसत. जाताना मात्र मला हळूच विचारत, "कुणी नेलं का?"

त्या वर्षी कुणीच नेलं नाही. मग मीच एक प्रत काढून घरी नेली आणि वाचायला बसलो.

सर शेवटचे भेटले तेव्हा मी म्हणालो, "एक गेली, सर."

"समजतंय का त्याला?"

"तिसऱ्या पानावर अडलाय."

"मग सोमवारी पाठवा त्याला माझ्याकडे."