पत्र सिद्रामनं दडवलं नव्हतं

सिद्राम पोस्टमन गेल्याचं मला तेलाच्या दुकानात कळलं. दुकानदार माझ्या बरणीत तेल मापत होता. मापता मापता शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "तो सिद्राम गेला हो परवा." गिऱ्हाइकाला ओळख पटेना. "कोण सिद्राम?" "अहो, तो पोस्टमन! दिवाळीची पोस्त मनासारखी मिळाली नाही म्हणून तात्यांच्या सुनेचं पत्र दडवून ठेवलं होतं त्यानं. हे काय, तात्या इथंच उभे आहेत, विचारा की त्यांनाच." गिऱ्हाइकानं माझ्याकडं पाहिलं. मी बरणी उचलली, "वय झालं होतं त्याचं," असं काहीतरी पुटपुटलो आणि दुकानाची पायरी उतरलो… सोळा वर्षांपूर्वी जसा गप्प बसलो होतो, तसाच त्या दिवशीही. माणूस मातीआड झाला, तरी त्याच्याबद्दल खरं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. या गोष्टीला आता पाचसहा आठवडे झाले. म्हातारपणी झोप कमी आणि आठवणी जास्त, असं लोक म्हणतात तेव्हा हसण्यावारी नेतात. मला हसू येत नाही. थकवा येतो.

सिद्राम माणदेशाकडचा, धनगराच्या घरचा. बापजाद्यांचं आयुष्य मेंढरांमागं गेलं, हा एक कसाबसा चार इयत्ता शिकून टपालखात्यात लागला. चालणं मात्र मेंढपाळाचंच राहिलं, लांब टांगा टाकत, मान खाली घालून, जणू पुढं कळप आहे. आमची बोळ गिरणीच्या मागची. मी गिरणीच्या कचेरीत कारकून होतो. बाकी घरं बहुतेक विणकरांची, तेलुगू बोलणारी, दोनचार आमच्यासारखी कारकुनांची. सकाळचा भोंगा होऊन गेला, पुरुषमाणसं कामावर गेली, की तासादोनतासानं सिद्राम बोळीच्या तोंडाशी दिसायचा. बायका त्याला सिद्रामअण्णा म्हणत. निम्म्या घरांत वाचता येणारं कोणी नसे, म्हणून उंबऱ्याबाहेर उभं राहून तोच कार्ड वाचून दाखवी. आनंदाचं असलं की मोठ्यानं, दुःखाचं असलं की जवळ जाऊन, हळू. मरणाची बातमी सांगणारं, कोपरा फाडलेलं कार्ड असलं तर ते तो सगळ्यांत शेवटी देई, कारण त्यानंतर त्या बोळीत दुसऱ्या कोणाला हसतमुखानं पत्र देता येत नाही, असं तो म्हणे.

दिवाळीच्या पोस्तीचे आमच्या बोळीत ज्याचे त्याचे रिवाज होते. कारकुनांच्या घरून नाणं, तेही सुपारीबरोबर कागदाच्या पुडीत, म्हणजे किती दिलं ते चारचौघांत दिसू नये. विणकर मागावरचा पंचा किंवा टॉवेल देत. ज्या घरी दोन्ही नसे तिथून फराळाचं ताट येई. सिद्राम पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी येई आणि कधी मागत नसे. नेहमीसारखी पत्रं देई आणि नेहमीपेक्षा क्षणभर जास्त थांबे, एवढंच. त्यातही त्याचे नेम होते. विधवेच्या घरी एक करंजी घेई, नाण्याला हात लावत नसे. ज्या घरी त्या वर्षी त्यानं मरणाची बातमी आणली असेल, तिथं थांबतच नसे, झपाझप पुढं जाई. दुसऱ्या बिटावर एक पोस्टमन होता, तो दसऱ्यापासूनच "यंदा काय इचार हाय?" असं दारोदार म्हणत फिरे. त्याच्यामुळं गावात एक समजूत पक्की झाली होती, की पोस्त कमी दिली तर पत्रं उशिरा येतात. शेजारच्या गोदूबाईंनी एकदा सिद्रामला तसं हसत हसत म्हटलं, "घ्या हो अण्णा, नाहीतर आमचं पत्र पिशवीतच राहायचं वर्षभर!" सिद्रामनं पुढं केलेला हात मागं घेतला. "आक्का," तो म्हणाला, "पोस्त पोचलेल्या पत्राची असती. यायच्या पत्राची घेतली तर ती लाच झाली की." गोदूबाई खजील झाल्या, दोनदा विनवलं, तेव्हा त्यानं घेतली.

आता त्या दिवाळीबद्दल.

त्या वर्षी आमच्या मुलीचं लग्न झालं होतं आणि जावई पहिल्या दिवाळसणाला पुण्याहून यायचे होते. व्याही मानापानाला फार जपणारे. आमच्या मंडळींचे गुडघे धरलेले, त्यांना चुलीपुढं बसवत नसे. मुलगा परगावी नोकरीला, घरात राबायला एकटी सून, यमुना. करकंबची. शेतकऱ्याची मुलगी, अठराएकोणीस वर्षांची, कामाला वाघीण. तिचे वडील चारपाच महिने अंथरुणाला खिळलेले होते, त्यामुळं ती रोज टपालाच्या वेळी दारात येऊन उभी राही. "अण्णा, करकंबचं काही?" "न्हाई आज, पोरी. उद्या यील की."

कचेरीतून मी सणाची रजा घेतली होती. धनत्रयोदशीच्या सकाळी मी बोळीच्या तोंडाशी भाजीची पिशवी घेऊन उभा होतो. सिद्राम समोरून आला आणि त्यानं माझ्या हातात कार्ड दिलं. यमुनेच्या भावाचं. वैद्यांनी आशा सोडली आहे, बाबा तिचं नाव घेतात, कार्ड मिळताच तिला पाठवून द्यावे. अजून आठवतं, 'मिळताच' या शब्दाखाली रेघ ओढली होती. दुपारच्या गाडीनं ती निघाली असती तर कुर्डुवाडीला गाडी बदलून, मोडनिंबाहून बैलगाडी करून, दुसऱ्या दिवशी वडिलांजवळ पोचली असती… आणि माझ्या डोळ्यांपुढं आलं ते वडिलांचं अंथरूण नव्हे. माझ्या डोळ्यांपुढं रिकामी चूल आली, आणि जावयाच्या पुढ्यातलं रिकामं ताट. याहून मोठं कारण असतं तर आज सांगायला बरं वाटलं असतं. नव्हतं.

मी कार्ड त्याला परत दिलं. म्हटलं, "हे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आण. घरी, सगळ्यांसमोर. आजच आलंय असं."

त्यानं कार्ड वाचलेलं होतंच. "तात्या, म्हातारं लई आजारी हाय म्हणून लिवलंय ह्यात. पोरीला कळाय पायजे."

"म्हातारा पाच महिने आजारीच आहे. चार दिवसांनी काय बिघडतंय? पत्र माझ्या नावचं आहे ना? मग मी सांगतो ते ऐक." आणि मी खिशातून पोस्त काढून त्याच्या हातात कोंबली. दरवर्षीच्या दुप्पट. त्यानं मूठ उघडून पाहिलं, आणि नाणी माझ्या पिशवीत, मेथीच्या जुडीवर, अलगद ठेवली. "तुमी म्हंता म्हणून ठिवतो. घरचं वडीलमाणूस तुमी. पर ह्ये नगं."

कार्ड मी स्वतःच्याच खिशात का घातलं नाही, असं वाचक विचारतील. मीही स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. खिशात घातलं असतं तर पाप माझ्याजवळ राहिलं असतं. मला ते दुसऱ्याच्या पिशवीत हवं होतं.

पुढचे दिवस यमुना रोज दारात उभी राहिली. मी आतून ऐकत होतो. "अण्णा, करकंबचं काही?" आणि सिद्रामचं उत्तर रोज थोडं लहान होत गेलं. पहिल्या दिवशी "न्हाई की, पोरी." दुसऱ्या दिवशी "न्हाई." तिसऱ्या दिवशी त्यानं नुसती मान हलवली आणि आमचं दार ओलांडून गेला. सण थाटात झाला. जावयांनी चिरोट्यांचं कौतुक केलं, यमुना लाजून आत पळाली. भाऊबीजेला तिनं भावासाठी पाट मांडून ठेवला होता. भाऊ आला नाही.

दुसऱ्या दिवशी सिद्राम आला तो दोन कार्डं घेऊन. आधी त्यानं सबंध कार्ड दिलं. तिनं ते वाचलं, "मामंजी, मला आत्ताच्या आत्ता पाठवा," असं म्हणत ती माझ्याकडं वळली, आणि तेवढ्यात तिला सिद्रामच्या हातातलं दुसरं दिसलं. त्याचा कोपरा फाडलेला होता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वडील गेले होते.

तेरावं उरकून तिचा भाऊ दौलत तिला पोचवायला आला. त्यानं ते पहिलं कार्ड मागितलं आणि उलटून शिक्का पाहिला. कार्डावर पोचलेल्या गावचाही शिक्का असतो, हे मी, जन्मभर कागदांत वावरलेला माणूस, साफ विसरलो होतो. "ह्ये तर धनत्रयोदशीलाच सोलापुरात आलंय!" तो ओरडला. बोळ गोळा झाली. "चार दिस कुटं हुतं ह्ये? तात्या, तुमी सांगा." सगळे माझ्याकडं पाहू लागले. यमुनाही. मी म्हणालो, "पोस्टमननं आणून दिलं तेव्हा मिळालं. मला काय ठाऊक?" तेव्हा गोदूबाईच म्हणाल्या, "यंदा पोस्त कमी पडली असेल मेल्याला. मोठा लाच नको म्हणणारा!" मी 'नाही' म्हटलं नाही. तेवढ्यानं ते खरं ठरलं.

वाईट याहून पुढं आहे. दौलतला अर्ज करायचा होता, पण कचेरीची भाषा त्याला येत नव्हती. तो मीच लिहून दिला. माझं अक्षर वळणदार, इंग्रजी ठाकठीक. अर्ज इतका चांगला उतरला की मी तो दोनदा वाचला…

चौकशीत सिद्राम एवढंच बोलला, की पत्र आपल्याकडून राहिलं. त्याची बढती गेली, सोलापूरचं बीट गेलं. केमच्या बाजूला खेड्यांतून टपाल वाटायला त्याला पाठवला, रोज कोसच्या कोस पायी.

दोनेक वर्षांनी गिरणीच्या कामासाठी करमाळ्याला जायला मी केम स्टेशनात उतरलो. फलाटाच्या टोकाला, लिंबाखाली, पिशवी मांडीवर घेऊन सिद्राम बसला होता. मी वळून जाणार, तोच त्यानं हाक मारली. "तात्या! हिकडं कुटं वाट चुकली?" मग लगेच, "सूनबाई बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. मुलगा झाला तिला."

"व्हय? लई ब्येस झालं." तो खरोखर हसला. त्याचे पाय मी पाहिले, टाचांना हाताची बोटं जातील एवढ्या भेगा. माझ्यानं राहवेना. म्हटलं, "सिद्राम, मी तुझ्या साहेबांना लिहितो. जे झालं ते सगळं लिहितो."

त्यानं मान हलवली. "लिवलं तर साहेब मला परत न्हील, खरं हाय. पर मग तिला बी कळंल की. सासऱ्यानं बापाची भेट तोडली ह्ये कळल्यावर तिनं तुमच्या ताटात भाकरी कशी वाढायची? तिला तितंच ऱ्हायचं हाय, तात्या. मला काय, मला चालायची सवय हाय." मग म्हणाला, "तीन दिस त्या पोरीच्या तोंडावर खोटं बोललो मी. तेवडं मातूर माझं हाय. ती शिक्षा मी तुमच्यासाटी न्हाई भोगत."

मला लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं ठरवलंच आहे, तर मला त्या क्षणी हायसं वाटलं. दिवाळी जवळ आली होती, माझा हात सवयीनं खिशाकडं गेला. त्यानं पिशवी छातीशी धरली. "नगं. तुमचं पत्र मी कुटं पोचवलं?"

नोकरी संपल्यावर तो सोलापुरात मुलाकडं राहायला आला. तळ्याच्या बाजूला कधीमधी दिसे. तो हात जोडी, मीही जोडी. जवळ गेलो नाही. घरी गेलो नाही. आजारी असल्याचं कानावर आलं तेव्हा 'उद्या जाऊ' म्हटलं, आणि असे पुष्कळ उद्या गेले.

वर्तमानपत्राला धाडायचा हा मजकूर लिहून झाल्यावर तो पहिल्यांदा यमुनेला वाचून दाखवायला हवा, एवढं तरी मला कळलं. आज दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. माझी मंडळी आता नाहीत, घर तिचंच आहे. मी वाचत गेलो. केमपर्यंत आलो तेव्हा तिचे हात थांबलेले होते. वाचून झाल्यावर वडिलांबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, "सोळा वर्षं मी त्या माणसाला दोष दिला, मामंजी, रस्त्यात दिसला की तोंड फिरवलं. एकदा तर पोराला बोटानं दाखवला. म्हटलं, बघ, हाच तो."

तिनं कागद मागून घेतले, शेवटचं पान पाहिलं. मी खाली 'एक सोलापूरकर' एवढंच लिहिलं होतं.

"हे काय?" ती म्हणाली. "त्यांचं नाव उघड छापायचं आणि तुमचं झाकायचं?"

मी ते खोडलं. मग म्हटलं, "संध्याकाळी फिरायला जाईन तेव्हा पेटीत टाकतो."

"नको," ती म्हणाली. "पत्र आता तुमच्या हाती नको."

तिनं पाकिटावर स्वतः पत्ता लिहिला आहे, तिकीट लावलं आहे. पायांत चपला घालून, डोक्यावर पदर घेऊन ती दारात उभी आहे आणि माझी सही होण्याची वाट पाहते आहे. बसायला सांगितलं तर बसत नाही.

नरहर बापूजी कासेगावकर
सोलापूर