गार तव्यावरची मोहरी

लेसरच्या लॅबमध्ये किस्से कसे साठतात, सांगू? एक मोजमाप घ्यायचं, तर आधी आठवडाभर नुसती तयारी! तेवढ्या वेळात माणसं काय करणार? चहा पिणार, भांडणार आणि घोळ घालणार. पनवेलच्या आमच्या कॉलेजात लेसर मी सांभाळते, त्यामुळे बहुतेक घोळ माझ्या डोळ्यांदेखत झालेत. काही मीच घातलेत.

आमचे बापट सर आणि त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी शलाका यांचा उद्योग असा. रुथेनियम नावाच्या धातूच्या चकतीवर कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन शेजारी शेजारी बसवायचे. चकती नुसती तापवली, तर कार्बन मोनॉक्साइड उडून जातो, दोघांचं जमत नाही. पण लेसरचा अतिसूक्ष्म झटका मारला, की धातू तापायच्या आत त्यातले इलेक्ट्रॉन पेटतात, आणि दोघांचं लग्न लागून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो!

शलाकाच्या आईला हे समजावताना सर म्हणाले, "वहिनी, तवा गार आणि मोहरी तडतडली, असं समजा."

आई म्हणाली, "मंग गॅस वाचंल ना, सर!"

पण मोहरी तडतडतच नव्हती हो! फेलोशिप संपत आलेली. कार्बन डायऑक्साइडचा सिग्नल नाही तर थिसिस नाही. शलाकाने कामोठ्याच्या एका क्लासमध्ये दहावीला शिकवायचं बोलूनही ठेवलं होतं. हे सांगताना ती हसायची, आणि मला तिच्याकडे बघवायचं नाही.

* * *

हे सगळं घडतं स्टीलच्या एका मोठ्या पिंपात. त्याला आम्ही चेंबर म्हणतो. आतली हवा काढून घेतली, तरी भिंतींना पाणी चिकटून राहतं. म्हणून चेंबरला बाहेरून अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळायची आणि दोन दिवस भाजायचा. एका रविवारी फॉइल संपली. मी धावत फ्रँकीवाल्याकडे गेले आणि त्याच्याकडची सगळी रिळं मागितली.

तो खूश! "मॅडम, किती माणसांची पार्टी?"

घाईत मी म्हटलं, "माणूस एकच आहे. पण दोन दिवस भाजायचाय."

आता मी दिसले, की तो शेजारच्या दुकानात चहाला जातो.

* * *

मग रोज दुपारी लेसर हलायला लागला. जरा कुठे नीट लावावा, की खडखडाट आणि सगळं मुसळ केरात! कॉलेजमागच्या रस्त्याने उलव्याकडे भरलेले डंपर जायला लागले होते. बापट सर एरवी गरीब गाय, पण एक दिवस भडकले. "कोण आहे हा डंपरवाला? मागचं नाव वाचून या, तक्रारच करतो!"

मी गेटवर जाऊन वाचून आले. डंपरच्या मागे मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "शलाकाची कृपा".

शलाकाने कपाळावर हात मारून घेतला. तिचे वडील, म्हणजे आबा, उरणकडचे. पूर्वी मिठागरं होती, आता डंपर आहेत. तिने तिथूनच फोन लावला.

आबा म्हणाले, "तुजा लेजर हलतंय? आदी बोलाचा ना, बाय!" दुसऱ्या दिवसापासून सगळे डंपर लांबच्या रस्त्याने. डिझेल गेलं, पण लेसर शांत झाला.

* * *

आमच्या लॅबचा एक रिवाज आहे. सिग्नल आला, तरी हुरळायचं नाही. सर लेसरच्या वाटेत काळा पुठ्ठा धरतात. लेसर अडला तरी सिग्नल तसाच राहिला, तर तो खोटा, कुठून तरी गळतीतून आलेला. पुठ्ठ्यासरशी गेला, तर खरा!

एकदा स्क्रीनवरची रेघ चढली. मी उतावळी, लगेच पेढे घेऊन आले. सरांनी पुठ्ठा धरला. रेघ ढिम्म हलेना! शलाका कोपऱ्यात जाऊन बसली. माझ्या हातात पेढ्यांचा पुडा, तो कुठे लपवू कळेना.

सरांनी एक पेढा उचलला. "गळती आहे हे तर कळलं! घ्या."

* * *

गळती बुजवली, पुन्हा भाजणं झालं, आणि शेवटी एका दुपारी आबा डबा घेऊन आले. पापलेट होतं. लेसर चालू असल्यामुळे आम्ही त्यांनाही संरक्षक गॉगल चढवला. तेवढ्यात रेघ चढली! सरांनी पुठ्ठा धरला.

रेघ धाडकन खाली!

आम्ही किंचाळलो. सर नाचले, खरंच नाचले! शलाका रडायलाच लागली. पोरगी रडतेय बघून आबांचा पारा चढला.

"अरं, कशी माणसं हाव तुमी? पोरीनं इतक्या वर्सांनी आनला, नि या म्हाताऱ्यानं पुठ्ठा घालून घालवला! वर नाचताव?"

आणि त्यांनी सरांच्या हातातला पुठ्ठा हिसकावून घेतला.

रेघ परत वर!

"हा बगा, आला!" आबा म्हणाले.

मग शलाकाने डोळे पुसत त्यांना सगळं नीट सांगितलं. आबांनी स्वतः पुठ्ठा धरून पाहिला. रेघ खाली. काढला, वर. पुन्हा धरला, पुन्हा काढला. शेवटी सर काकुळतीला आले, "आबा, पुरे! चकतीवरचे रेणू संपतील!"

जाताना आबांनी तो पुठ्ठा मागून नेला.

* * *

शलाकाचा व्हायवा. सगळ्यांना खुला, त्यामुळे मागच्या रांगेत आबा, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. बाहेरून आलेले परीक्षक भारी खवट. इंग्रजीत बरंच पिळून झाल्यावर ते मराठीवर आले.

"हा वायू लेसरमुळेच आला कशावरून? दुसरीकडून आला नसेल?"

उत्तर तिला झोपेतही आलं असतं. पण ऐन वेळी पोरगी गडबडली. ती स्लाइड पुढे करते, मागे करते. सर छताकडे बघतायत.

मागे खुर्ची करकरली. आबा उभे राहिले होते, आणि त्यांच्या हातात तोच काळा पुठ्ठा!

"साहेब, ह्यो घातला का जातंय. मी सोता घातलाय."