हत्ती रवंथ करतो का

आमच्या घराण्यात पहिली बी.ए. मी. हे सांगताना मी आजही आवाज खाली करीत नाही. बाबा अल्लीपूरजवळच्या एका खेड्यात गावची ढोरं राखत. सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या आखरावर सगळ्यांची ढोरं गोळा करायची, रानात न्यायची, दिवस मावळताना ज्याची त्याच्या दारी पोचवायची, हा त्यांचा जन्मभराचा धंदा.

मी वर्ध्याला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. नाताळच्या सुट्टीत सहल निघाली, मद्रासवरून उटी आणि तिथून खाली मुदुमलाईचं जंगल. मी घरी विचारायला गेले तेव्हा काका ओट्यावरच बसले होते. पोरगी शिकली ते शिकली, आता डोंगर पाहाले चालली, असं ते बाबांना ऐकवत राहिले. बाबा तंबाखू मळत होते. काकांचं सगळं बोलून होऊ दिलं आणि मग मला म्हणाले, "जाजो. पण हत्ती रवंथ करते का नाई, तेवढं पाहून येजो. वाचलेलं नोको सांगू."

त्यांच्या लहानपणी गावातून साधूंचा एक हत्ती गेला होता. त्यानं आखरावर कडबा खाल्ला आणि साधू लगेच त्याला घेऊन पुढे निघून गेले. गाय रवंथ करते, घोडा करीत नाही, मग हत्ती कोणाकडचा, हे बाबांच्या मनात तेव्हापासून राहून गेलं होतं. त्यांनी आयुष्यात माझ्याजवळ मागितलेली ही एकच गोष्ट. आणि काकांच्या तोंडावर मला 'जाजो' म्हणणारे तेच.

लहान गाडी दात लावलेल्या रुळांवरून डोंगर चढली. वर अशी थंडी की आम्ही वर्ध्याकडच्या पोरी दोघी-दोघी एका चादरीत. बागा पाहिल्या, तलाव पाहिला, निलगिरीच्या झाडांचा औषधासारखा वास नाकात भरून घेतला. मुदुमलाईच्या रस्त्यात रानगवे दिसले. काळेकुळकुळीत, आणि चारी पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. मी खिडकीतून अर्धी बाहेर. मागून एकजण म्हणाली, घरची ढोरं कमी पडली वाटतं हिला. सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण खरंच होतं.

हत्तींच्या तळावर नाचणीचे मोठाले गोळे करून माहूत हत्तीच्या तोंडात ठेवत होते. अर्ध्या तासात खाणं आटोपलं. पुढे धबधबा पाहायचा होता, इतिहासाचे सर सगळ्यांना बसमध्ये चढवू लागले. खाताना जनावर पाहून काय उपयोग? गाय खाऊन झाल्यावर, घडीभर विसावली की मग रवंथ करते. खरं पाहायचं ते आता सुरू होणार होतं.

मी आमच्या बाईंना सांगितलं. बाई पुण्याच्या, शिस्तीच्या. त्या म्हणाल्या, "हत्ती रवंथ करीत नाही. पुस्तकात आहे. चल."

मी म्हटलं, "बाबांनी वाचलेलं सांगू नको म्हटलं आहे, बाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बसकडे पाहिलं. मग सरांना म्हणाल्या की तुम्ही मुलींना धबधबा दाखवून आणा, परत येताना आम्हाला घ्या. आणि पदर सावरून एका दगडावर बसल्या.

झाडाखाली बांधलेल्या एका हत्तिणीसमोर आम्ही दोघी बसलो. मी माहुताला विचारायला म्हणून जबडा आडवा हलवून दाखवला. त्याला वाटलं मला पान हवं आहे. त्यानं चंची पुढे केली. बाई तोंडावर पदर धरून हसल्या, मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. हत्तीण कान हलवी, सोंडेनं पाठीवर माती उडवी, एक पाय उचलून दुसऱ्यावर भार देई. डोळे अर्धे मिटले. जबडा हलला नाही. मधेच तिचं पिल्लू आलं आणि पुढच्या दोन पायांत तोंड घालून दूध पिऊ लागलं. कास पुढे, हे तर मला कोणी विचारलंही नव्हतं. बस येईपर्यंत दीड-दोन तास आम्ही तिच्या तोंडावरची नजर हलवली नाही. तो धबधबा मी आजवर पाहिलेला नाही.

गावी पोचले तेव्हा बाबा आखरावर ढोरं मोजत होते. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, खाल्ल्यावर किती वेळ पाह्यलं, डोये मिटले होते का, जबडा आडवा गेला का. मी एकेक सांगितलं. "म्हणजे घोड्याकडचं," ते म्हणाले. मग कासेचं ऐकून काठी टेकून उभेच राहिले. काकांना त्या दिवशी त्यांनी तीनदा ऐकवलं.

पुढल्या आठवड्यात बाबा कॉलेजात आले, पहिल्यांदाच. धुतलेलं धोतर, फेटा, खांद्यावर हिरव्या हरभऱ्याचा भारा. फाटकाच्या आत यायला तयार नव्हते. बाईंनाच बाहेर यावं लागलं. बाबांनी भारा त्यांच्या पायाजवळ ठेवला. "तुमी पोरीसंग बसल्या, बाई," एवढंच म्हणाले.

बाई गडबडल्या. म्हणाल्या, "खरंच हो, तिनं रवंथ केलं नाही. मीही पाहत होते."

"पोरीनं सांगतलं ना," बाबा म्हणाले, आणि बस गाठायला निघाले.