स्टामेनचं छापील मरण

डॅन्यूबकाठच्या आमच्या बल्गेरियन गावातलं शवागार बातमीत आलं की ते नेहमी ‘काळीज गोठवणारं’ असतं. बातमीदारांना दुसरं विशेषण शिकवलेलंच नसावं. खरं तर ते म्हणजे इस्पितळाच्या तळघरातल्या दोन स्वच्छ खोल्या आहेत, आणि तिथे माझा शेजारी स्टामेन ग्युरोव रेडिओ लावून मेलेल्यांच्या दाढ्या करतो. त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पाही मारतो. उलट बोलत नाहीत म्हणून ही मंडळी त्याला आवडतात.

जिवंतांची तऱ्हा वेगळी. त्याने हात मिळवायला पुढे केला की भल्याभल्यांना नेमका खोकला येतो. त्यामुळे पाववाल्या रुसांकावर जीव जडून वर्षं लोटली, तरी हा गडी पाव घ्यायचा आणि खाली मान घालून निघून यायचा.

"पीठ मळणारे हात तिचे," तो मला म्हणायचा, "आणि माझे हे असले. कुठल्या तोंडाने विचारू?"

मला त्याचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात वीज गेली आणि शवागाराचं शीतयंत्र बंद पडलं. स्टामेनने मासळीवाल्याकडून बर्फ आणून वेळ निभावली. तेवढ्यात गावच्या साप्ताहिकाचा बातमीदार धापा टाकत हजर.

"एखादा पाय तरी दाखवा," तो म्हणाला. "वाचकांना पाय लागतो."

"माझा दाखवतो. मोजा काढू?"

बातमीदाराने चिडून स्टामेनचाच फोटो काढला. अंक आला. मथळा अर्थातच काळीज गोठवणारा, पण पहिल्या पानावर जागा नव्हती, म्हणून बातमी गेली निधनवार्तांमध्ये, आणि फोटोला मिळाली तिथलीच काळी चौकट. आमच्याकडे मेलेल्यांच्या फोटोंच्या असल्या चौकटी दारांवर, खांबांवर, बसथांब्यावर बारा महिने चिकटवलेल्या असतात. चौकटीत ओळखीचा चेहरा दिसला की मजकूर कोण वाचतो? बायका थेट मेलेल्याच्या नावाने वाटायचा गहू शिजत घालतात.

दुपारी स्टामेन कामावरून आला, तर त्याच्याच दाराला काळी फीत. माझ्या बायकोने बांधली होती, आणि छान बांधली होती. वरच्या मजल्यावरची गेनोवेवा आजी गव्हाचं पातेलं घेऊन उभी. त्याला जिवंत बघून ती जराशी नाराज झाली.

"आता शिजवलाय, तर खाऊन टाक," ती म्हणाली.

तो पायरीवर बसून स्वतःच्या मरणाचा गहू खात होता, तेव्हा रुसांका आली. डोळे सुजलेले, कोपरापर्यंत पीठ, हातात चार लाल फुलं. त्याला बघून ती जागीच थिजली.

"मग मेलं कोण?"

"कुणीच नाही. वीज गेली होती."

"मी दुकान उघडं टाकून रडत आलेय, आणि तू जेवतोयस?"

"गोड झालाय," स्टामेन म्हणाला.

रुसांकाने हातातल्या फुलांकडे पाहिलं. आमच्याकडे मेलेल्याला फुलं सम न्यायची, जित्याला विषम. तिने त्यातलं एक काढून गेनोवेवा आजीच्या हातात कोंबलं आणि उरलेली तीन त्याच्यापुढे धरली.

"घे."

स्टामेन धडपडत उठला. "थांब, हात धुऊन येतो."

"तसाच दे," रुसांका म्हणाली, आणि आम्हा सगळ्यांसमोर तिने त्याचा हात धरला.