आगाऊ सह्या

आमच्या बस डेपोत ब्रेक तपासणारा एक मिस्त्री होता. त्याला सगळे कानसेन म्हणायचे. ब्रेकच्या ड्रमवर हातोडीने हलकेच ठोकायचं आणि डोळे मिटून ऐकायचं, ही त्याची पद्धत. "हा खणखणीत आहे. तो बद्द वाजतोय, उतरवा." ड्रम उतरवला की तडा सापडायचाच.

मी स्टोअरला. सुटे भाग माझ्या खिडकीतून जायचे, आणि त्या खिडकीवर हा माणूस माझ्याशी जेवढा भांडला तेवढी माझी सासूही भांडली नाही.

"बाई, हे ब्रेकचे लायनर पातळ आहेत. परत पाठवा."

"अहो, कंपनीचं सील आहे."

"मग सीललाच सांगा ब्रेक लावायला."

मी चिडायचे. पण घरी जाताना याच डेपोच्या बसमध्ये बिनधास्त डुलकी काढायचे.

मग नवीन मॅनेजर आला. बसचं पुढचं तोंड कुठलं आणि मागचं कुठलं एवढं त्या गृहस्थाला समजायचं, तेही बहुतेक दिवे बघून. त्याने भिंतीवर फळा लावला आणि रोज किती बस सुटल्या तो आकडा स्वतःच्या हाताने लिहायला लागला. तेवढंच त्याला येत होतं.

एका सकाळी कानसेनने चौदा नंबरची बस अडवली. काचेवर लाल चिठ्ठी लावली: चालवू नये. मागच्या उजव्या ड्रमला तडा आहे म्हणाला.

"दिसतोय का तडा?" मॅनेजरने विचारलं.

"दिसत नाही. ऐकू येतोय."

पाळी बदलत होती. चाळीसेक माणसं उभी होती. मॅनेजरने सगळ्यांदेखत ती चिठ्ठी ओढून काढली, चुरगळली आणि बस रस्त्यावर पाठवली.

बस अकरा दिवस बिनतक्रार धावली. अकराही दिवस मॅनेजर येता-जाता विचारायचा, "काय कानसेन, कान साफ केले का?" लोक फिदीफिदी हसायचे. मीही हसले. साहेब हसले की हसायचं, ही आमची लायकी.

बाराव्या दिवशी सर्व्हिसिंगला चाक उतरवलं, तर ड्रमचे दोन तुकडे हातात आले. कोणाला खरचटलंही नाही ते केवळ नशीब. वहीत नोंद झाली: नेहमीची दुरुस्ती. कानसेन ते तुकडे घेऊन केबिनच्या दाराशी वीसेक मिनिटं उभा राहिला. मॅनेजरने काचेतून बघितलं आणि फोनवर बोलत राहिला. मग कानसेनने तुकडे भंगारात टाकले आणि हात धुतले.

इथवर मला त्याची कणव होती. पुढचं सांगताना तोंड कडू होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो 'बस चालवण्यास योग्य' अशा सगळ्या हिरव्या चिठ्ठ्यांवर सकाळी चहाबरोबरच सह्या करून ठेवायला लागला. तीस बस, तीस सह्या. चहा निवायच्या आत दिवसाचं काम उरकलेलं. माझ्या खिडकीवर यायचं बंद. लायनर पातळ आले काय, जाड आले काय, त्याला सोयरसुतक नाही. वर एखादा फिटर मन लावून चाकाखाली शिरला की हा बाकावरून म्हणायचा, "घासा, घासा. तुमचा पुतळा उभारणार आहेत." स्वतः मोडला ते मोडला, दुसऱ्या कोणाला ताठ उभं राहिलेलंही बघवेना.

मॅनेजरला कुठून तरी वास लागला की कामगारांचं मनोबल खचलंय. ज्याने खचवलं त्यानेच मग ते वाढवायला एक वक्ता आणला. त्याने आम्हाला उभं करून "मी करू शकतो!" असं ओरडायला लावलं. सगळ्यात मोठ्याने कानसेन ओरडला. पुढच्या वर्षी तो उत्कृष्ट कर्मचारी ठरला, वर्षभरात एकही बस अडवली नाही म्हणून. फोटोत तो आणि मॅनेजर इतके सारखे हसतायत की सख्खे भाऊ वाटावेत.

मला राहवेना. विचारलं, "आता ऐकू येत नाही का हो तुम्हाला?"

"येतं की," बिस्कीट चहात बुडवत तो म्हणाला. "सगळं ऐकू येतं."

बहिरा झाला असता तर मी त्याला माफ केलं असतं.

डेपोत एक ड्रायव्हर होती, जिभेने फटकळ, हाताने पक्की. सगळे तिला ताई म्हणायचे. एका दुपारी ती चावी नाचवत कानसेनच्या बाकापाशी आली.

"काका, ब्रेकचं पेडल खाली बसतंय. दोनदा दाबावं लागतं."

"चिठ्ठी हिरवी आहे ना?"

"आहे. सही तुमची आहे. मग चला, पुढच्या सीटवर बसा. उताराच्या रस्त्याने एक फेरी मारून येऊ."

"मला कामं आहेत."

"कसली? तुमचं काम सकाळीच झालं."

लोक जमले. कानसेन उठला, बसपर्यंत गेला, एक पाय पायरीवर ठेवला आणि तसाच थांबला. मग पाय खाली घेतला.

"तुम्हीपण नका नेऊ ताई," तो पुटपुटला.

"तेच लिहून द्या."

त्याने कप्प्याच्या तळातून लाल चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं. तेवढ्यात मॅनेजर बाहेर आला. त्याने नुसतं घड्याळाकडे बघितलं. तेवढं पुरलं. कानसेनने पुस्तक परत कप्प्यात सरकवलं आणि म्हणाला, "गाडी ठीक आहे साहेब. ताईंना या गाडीची सवय नाही."

ताईने त्याच्याकडे पाठ फिरवली. चावी मॅनेजरच्या हातात ठेवली आणि बसच्या पुढ्यात जमिनीवर बैठक मारली. मॅनेजरने दुसऱ्या ड्रायव्हरला बोलावलं, त्याने नकार दिला. तिसऱ्यानेही दिला. तासाभराने झक मारत मॅनेजरला बाहेरून फिटर आणावा लागला, आणि त्याने ब्रेकच्या नळीतून ठिबकणारं तेल सगळ्यांना दाखवलं. बस सुटली नाही. पुढच्या आठवड्यात गैरवर्तनाच्या नावाखाली ताईची बदली झाली.

आता ड्रायव्हर हिरव्या चिठ्ठीकडे बघतच नाहीत. बस घेण्याआधी स्वतःच वाकून नळ्या बघतात, पेडल दाबून बघतात. कानसेनला कोणी काही विचारत नाही. परवा तो कितीतरी दिवसांनी माझ्या खिडकीवर आला. म्हणाला, "बाई, हल्ली अनुभवी माणसाला काही किंमत राहिली नाही."

"जेवायची सुट्टी झाली," मी म्हटलं आणि त्याच्या तोंडावर खिडकी लावून घेतली. सुट्टीला अजून अर्धा तास होता.